होळीपर्यंत हिरवं

पहिली फांदी धाडकन वाफ्याशेजारी पडली, तेव्हा द्वारकाबाई पाटाचं पाणी वळवत होती.

"भावजी, कुऱ्हाड खाली टाका!"

"झाड माझं, फांदी माझी!" मालोजी जांभळीवरनं ओरडला. "तुझा फक्त वाफा. तो बी होळीपर्यंत!"

थांबा. आधी वाफ्याचं ऐका.

खान नदीच्या काठची ही जमीन. नवरा गेला, तशी दिरानं सगळी दाबली. पंच म्हणाले, "जांभळीखालच्या वाफ्यात होळीपर्यंत हिरवं पीक दाखवा बाई, वाफा तुमचा. सुकलं, तर नांगर मालोजीचा." म्हणाले आणि हसले. त्या सावलीत काय पिकणार?

तुकोगंजातल्या डाक्टरीण मडमेनं तिला चर्विलचं बी दिलं. पाला कोथिंबिरीसारखा, वास बडीशेपेचा. कार्तिकात पेरलं, थंडीत तरारलं. त्याला सावलीच लागते. ऊन बसलं की तुरा येतो, पाला पिवळा पडतो, खेळ खलास.

आता माघ सरला होता. ऊन चटके देत होतं.

दुसरी फांदी. तिसरी.

"अरे कोई पकडो रे! मरतील दोघं!" कुंपणापलीकडनं शेजारीण सखुबाई.

मालोजी खाली उतरला. डोक्याला लाल फेटा. आजा होळकरांच्या फौजेत होता, त्याचा. भांडायला निघताना तो बांधायचा, ही या घराची रीत.

"घास लावलीय घास! बकरी बी तोंड लावत नाही!"

"तुम्हाला झोंबली ना, भैया? बस, तेवढं पुरे!"

कुऱ्हाडीचा दांडा तिच्या तोंडावर बसला. दात मातीत. रक्त. तिनं विळा उचलला आणि त्याची पोटरी उभी चिरली. तो बांधावर आपटला. हात कुऱ्हाडीकडे गेला, तिनं मनगटावर टाच दिली.

कडकन.

कुऱ्हाड तिनं बांधापलीकडच्या विहिरीत भिरकावली.

मग तिनं वाफ्याकडे पाहिलं. भर उन्हात पाला माना टाकत होता. ती विळ्यासकट मालोजीवर वाकली. त्यानं धड हातानं गळा झाकला.

"वैनी, नको..."

तिनं फेट्याचं टोक धरलं. ओढलं. तो उलगडत गेला, उलगडत गेला. पाटात बुडवला. त्यानंच तोडलेल्या फांद्या रोवल्या आणि त्यांवर ओला फेटा ताणला. वाफ्यावर लाल सावली पडली.

रोज भिजवायची, रोज ताणायची.

होळीच्या दुपारी पंच आले. वाफा हिरवागार. या खेपेला कोणी हसलं नाही.

पंच गेल्यावर मालोजी लंगडत बांधाशी आला. मोडका हात गळ्यातल्या झोळीत, डोकं उघडं.

"वैनी, फेटा द्या. होळीपुढं असा कसा जाऊ?"

द्वारकाबाई पडलेल्या दाताच्या फटीतनं हसली.

"ऊन उतरू द्या, भावजी."