उस्तादांनी बांधलेलं इंजिन

वर्कशॉपमध्ये तिला सगळे मुंगी म्हणत. चण लहान आणि हात कायम चालू, म्हणून वडिलांनीच ते नाव ठेवलं होतं. तिशी उलटली तरी ते सुटलं नाही. वडिलांना सगळे उस्ताद म्हणत. रोटरी इंजिन, म्हणजे ज्यात पिस्टन वरखाली होत नाहीत, तिकोनी रोटर गरगर फिरतात, ते उघडून पुन्हा नीट बांधणारा त्यांच्यासारखा माणूस आसपास दुसरा नव्हता.

हे खरं होतं, पण जुनं. गेल्या काही वर्षांत उस्तादांचे हात थरथरायला लागले होते. कप बशीवर ठेवताना वाजायचा, म्हणून त्यांनी बशी घेणंच सोडलं. रोटरच्या कडांना बसणाऱ्या पट्ट्या, त्यांच्या खालच्या नाजूक स्प्रिंगा, सगळं मुंगी बसवायची. उस्ताद स्टुलावरून "सावकाश, सावकाश" म्हणायचे. गिऱ्हाईक दारात दिसलं की मुंगी पाना ठेवून बाजूला व्हायची आणि उस्ताद फडक्याला हात पुसत पुढे यायचे. हात स्वच्छच असायचे. असं करायचं कुणी ठरवलं नव्हतं, होत गेलं.

दातांच्या डॉक्टरांची लाल गाडी आली तीही अशीच. मुंगीने इंजिन बांधलं, गाडीत बसवलं, आणि मग राहिल्या नळ्या. पाण्याच्या जाडजूड, ऑईल कूलरच्या, हवेच्या बारीक, आणि सगळ्यात नाजूक म्हणजे रोटरला ऑईल पाजणाऱ्या काडीएवढ्या, आरपार दिसणाऱ्या. हे इंजिन पेट्रोलबरोबर थोडं ऑईलही पितं. ते मिळालं नाही तर पट्ट्या कोरड्या घासतात आणि सगळी मेहनत मातीत जाते. मुंगीने त्या नळ्यांत पिचकारीने ऑईल भरलं, प्रत्येक बोल्टला दोन्ही बाजूंनी तांब्याचे नवे वॉशर घातले, एकेका सांध्यावरून बोट फिरवून पाहिलं.

"तू जा घरी," उस्ताद म्हणाले, "शटर मी ओढतो."

सकाळी ती पोचली तेव्हा डॉक्टर आधीच आले होते आणि उस्ताद इस्त्रीचा शर्ट घालून बॉनेटपाशी उभे होते.

"अरे वा, नळ्या जोडायचं काम तुमच्याकडे वाटतं?" डॉक्टर तिला म्हणाले. "इंजिन काय, उस्तादच करणार म्हणा."

"हो," मुंगी म्हणाली.

"चल, मारू या स्टार्टर," उस्ताद म्हणाले.

"थांबा बाबा. आधी ऑईल बघू दे."

"काल बघितलंस ना?"

"आज परत बघते."

तिने प्लगच्या वायरी काढल्या, म्हणजे इंजिन नुसतं फिरेल, पेटणार नाही. उस्तादांनी चावी फिरवली. ऑईलचा काटा हळूहळू वर चढला. डॉक्टरांनी टाळी वाजवली. मुंगी मात्र त्या बारीक नळ्यांवर डोळे लावून होती. बाकीच्यांत ऑईल सरकत होतं. एकीत हवेचा बुडबुडा जागचा हलत नव्हता, आणि त्या नळीच्या बोल्टाखाली थेंब जमत होता.

"बंद करा."

तिने टॉर्च लावून खाली पाहिलं. गाडीच्या आडव्या पट्टीवर तांब्याचा वॉशर चमकत पडला होता. काय झालं असेल ते तिला तिथल्या तिथे कळलं. ती गेल्यावर उस्तादांनी तो बोल्ट उघडून पाहिला होता. वॉशर बोटांतून निसटला, त्यांना तो दिसला नाही, आणि बोल्ट त्यांनी तसाच आवळून टाकला. एक फोन केला असता तर ती उलट्या पावली आली असती.

वॉशर तळहातावर घेऊन ती त्यांच्याजवळ गेली. हळूच म्हणाली, "बाबा, हा तुम्ही उघडला होता?"

उस्तादांनी वॉशरकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

"मी कशाला उघडू? घालायचा राहिला असेल तुझा." आणि मग मोठ्याने, "बघा डॉक्टर, म्हणून मी तपासल्याशिवाय चालू करू देत नाही. पोरं घाई करतात. इंजिन गेलं असतं आज."

"अनुभव तो अनुभव," डॉक्टर म्हणाले.

मुंगीने वॉशर बसवला, नळी भरली, पुन्हा स्टार्टर फिरवायला लावला. बुडबुडा पुढे गेला. वायरी जोडल्यावर इंजिनाने धुराचा ढग सोडला आणि एका सुरात चालायला लागलं. डॉक्टरांनी उस्तादांचा हात दोन्ही हातांत धरला.

"बघा, उस्तादांचे हातसुद्धा थरथरतायत," ते मुंगीला म्हणाले. "आनंद आहे तो."

दुपारी जेवताना आईने विचारलं, "तू काही बोलली नाहीस ना त्यांच्यासमोर?"

"नाही."

"बरं केलंस. त्यांच्याजवळ आता नावाशिवाय उरलंय काय?"

"आणि माझ्याजवळ?"

"तुझं अख्खं आयुष्य पडलंय अजून."

"हे तू मी विशीत असतानाही म्हणायचीस," मुंगी म्हणाली.

डॉक्टरांनी गावभर कौतुक केलं आणि त्यांच्या मित्राचं इंजिन आलं. उस्तादांनी तिला न विचारता ते ठेवून घेतलं. "सोमवारी उघडू," ते म्हणाले.

"तुम्ही उघडा. मी बसते स्टुलावर."

ते हसले. मग तिचा चेहरा पाहून थांबले. "एवढ्याशा वॉशरवरून?"

"वॉशरवरून नाही. एकदा म्हणा, माझ्या हातून पडला. डॉक्टरांना नका सांगू. मला सांगा."

"मला शिकवू नकोस. तुझ्या हातात पाना मी दिलाय."

मुंगीने पाना टेबलावर ठेवला आणि बाहेर पडली. पुढच्या आठवड्यात ती बस डेपोत डिझेलच्या कामाला लागली.

उस्तादांनी इंजिन एकट्याने उघडलं. उघडणं सोपं असतं. एकदा आईने दिलेला डबा घेऊन मुंगी गेली तेव्हा ते पट्टीखाली स्प्रिंग बसवत होते. स्प्रिंग उडाली. ते गुडघ्यांवर बसून फरशी चाचपायला लागले. स्प्रिंग कुठे पडलीय ते तिला दारातून दिसत होतं. तिची सावली टेबलावर पडली होती, म्हणजे ती आलीय हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी नुसती हाक मारली असती तरी ती आत गेली असती. ते फरशीच चाचपत राहिले. तिने डबा उंबऱ्यावर ठेवला आणि ती परत फिरली.

शेवटी डॉक्टरांच्या मित्राने इंजिन सुट्ट्या भागांत, खोक्यांत भरून नेलं. आता उस्ताद घरीच असतात. कुणी विचारलं की सांगतात, "पोरीला सगळं शिकवलं हो, पण तिचं मनच नव्हतं या कामात." मुंगी शेजारच्या खोलीत असते, तिला ऐकू येतं. डेपोत रोटरी इंजिन येत नाही, आणि तिला ते बांधता येतं हे तिथे कुणाला माहीत नाही.