आईसाठी आणलेली मशीन

मी एक जुनी वॉशिंग मशीन आहे. पण मित्रांनो, जुनी म्हणजे वापरून झिजलेली, असे समजू नका. माझ्या अंगावर गंज आहे, झीज नाही. झीज हा काम केलेल्यांचा मान असतो आणि तो मला मिळाला नाही. आज मी पूर्णगडच्या खाडीलगतच्या एका वाडीत, गुरे विकून रिकाम्या झालेल्या गोठ्यात, पेंढ्याला टेकून उभी आहे. समोर चिऱ्यांची विहीर दिसते. तिच्या काठावर कपडे धुण्याचा काळा दगड आहे. त्या दगडाला विश्रांती मिळावी, म्हणून मला या घरात आणले होते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पत्र्याला बाक आला, त्यावर पांढरा रंग चढला, पोटात दोन मोटारी बसल्या. एक कपडे घुसळायला, दुसरी ते पिळून सुकवायला. माथ्यावर गोल बटणे आली. बटण पिळले की आत चावीच्या घड्याळासारखी टिकटिक सुरू होते आणि ती थांबली की काम संपते. त्या टिकटिकीला वीज लागत नाही. एवढे लक्षात ठेवा; आज माझ्यात तेवढेच जिवंत आहे.

रत्नागिरीच्या दुकानातून मला अनिलने घेतले. अनिल मुंबईत नोकरीला. गावी त्याची आई गंगाबाई एकटी. टेम्पो वाडीत शिरला तेव्हा माणसे गोळा झाली. अनिलने सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, "आईसाठी आणली. आता तिने विहिरीवर वाकायचं नाही."

शेजारच्या येसूबाईंनी माझ्यावरून हात फिरवला. "गंगे, नशीब काढलंस गो. माजा पोर साबनाची वडी पन आनीत नाय."

"मग तू ये माजे मशनीत," गंगाबाई म्हणाल्या. "तुला पन घुसळून काढते."

सगळे हसले. त्या हसण्यात मी या घरची झाले, असे मला वाटले.

मला पडवीत उभे केले, रस्त्यावरून दिसेल अशा जागी. त्याच जागी खाडीचे खारे वारे दिवसभर येते, हे कुणाच्या मनात आले नाही. गंगाबाईंनी जुन्या लुगड्याचा झगा शिवून माझ्यावर चढवला. तो गणपतीत निघाला. घर माणसांनी भरले आणि मी भरभरून चालले. मुलांच्या सदऱ्यांवरची तांबडी माती, पाहुण्यांचे टॉवेल, आरतीच्या तेलाचे डाग, सारे मी धुऊन काढले. शेवटच्या दिवशी अनिलची मुलगी सानवी आजीला माझ्यापुढे घेऊन आली. तिने आजीचे बोट धरून बटण फिरवले. गंगाबाईंनी स्वतःचे एकच लुगडे आत टाकले आणि टिकटिक थांबेपर्यंत त्या स्टुलावर बसून राहिल्या. लुगडे बाहेर काढून त्यांनी ते गालाला लावले. "सुकलाच की गो," त्या म्हणाल्या. माझ्या आयुष्यातला सगळा गौरव या तीन शब्दांत मावतो.

निघताना अनिलची बायको निशिगंधा म्हणाली, "आई, एकट्या असताना लावू नका हं. काही बिघडलं तर रत्नागिरीहून माणूस यायला आठवडा जाईल. आम्ही आलो की लावूच."

"बरोबर आहे," अनिल म्हणाला. "जपून ठेव."

गंगाबाईंनी मान हलवली आणि झगा पुन्हा माझ्यावर ओढला.

मित्रांनो, या गावांतली एक रीत तुम्हांला ठाऊक असेल. चांगली गादी, फुलांच्या बशा, फरशीची न्हाणी, सारे मुंबईहून येणाऱ्यांसाठी राखलेले असते. राहणाऱ्याच्या वाट्याला नुसते राखणे येते. मीही त्या राखीव वस्तूंत गेले. शिमग्याला झगा निघे, गणपतीत निघे. मधले महिने मी अंधारात उभी असे आणि विहिरीवरचा आवाज ऐकत असे. ओले कापड दगडावर पडल्याचा तो जड, थकलेला आवाज. पावसाळ्यात गंगाबाईंची लुगडी चुलीवरच्या दोरीला दिवसेंदिवस लोंबत आणि धुराचा वास घेऊन अंगावर येत. सुकवण्याची मोटार पोटात घेऊन मी भिंतीपलीकडे उभी होते. एवढे जवळ असून इतके निरुपयोगी असणे काय असते, हे कुणा शत्रूलाही कळू नये.

एका आषाढात विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवर गंगाबाईंचा पाय घसरला. उजवे मनगट मोडले आणि वाकडेच जुळले. त्यानंतर त्या लुगडे खुंटाला वेढा घालून डाव्या हाताने पिळू लागल्या. येसूबाई एकदा चिडून म्हणाल्या, "घरात ती धोंड कशाला ठेवलीस? लाव की बटान."

"बिघडली तर? पोरांना गनपतीत पंचाईत."

"आनी हात बिघडला तो?"

"हात माजा हाय," गंगाबाई म्हणाल्या.

मी मात्र बिघडतच होते. खाऱ्या वाऱ्याने तळाचा पत्रा पोखरला. रबर सुकून तडकले. झग्याखालच्या उबेत उंदरांनी संसार मांडला आणि तारांची सालपटे पिलांच्या अंथरुणाला नेली. गंगाबाई दररोज झग्यावरची धूळ झटकत. आत काय चालले आहे, हे धूळ झटकणाऱ्या हाताला कसे कळावे?

यंदा गणपतीच्या दुसऱ्या दिवशी अनिलने कपड्यांचा ढीग आत टाकला. मोटार एकदा कण्हली, जळका वास सुटला आणि घरातले दिवे गेले. पडवीत आरतीला आलेली वाडी बसली होती.

अनिल सर्वांदेखत हसत म्हणाला, "आई, वर्षभर पिदडलेली दिसतेय. मशीन म्हणजे काय बैल आहे? मी इकडे नाही म्हणजे तुझं राज्य."

माणसे हसली. माझ्या पोटातले उंदरांचे घरटे ओरडून सांगू शकले असते, पण त्याला तोंड नव्हते. येसूबाईंना होते. "अनिल, तुज्या आवशीनं ह्या मशनीला..."

"येसू," गंगाबाईंनी त्यांचे मनगट धरले, त्याच वाकड्या हाताने. "आरतीची येळ झाली. टाळ घे."

मग लेकाकडे वळून त्या म्हणाल्या, "लावली आसंन रे बाबा. चुकलाच माजा."

त्या एका वाक्याने त्यांनी माझे सगळे आयुष्य खोटे केले. मला राग आला, तो अजून गेलेला नाही. पण त्या खरे बोलल्या असत्या, तर 'आईसाठी आणली' हे अनिलचे वाक्य भरल्या पडवीत खोटे ठरले असते. एका आईने वाडीसमोर आपल्या लेकाची लाज राखली. त्यासाठी जो दगड दररोज तिचे हाड झिजवत होता, तोच तिने पुन्हा पत्करला.

गौरी गेल्यावर नवी मशीन आली. "ही फार नाजूक असते," अनिल म्हणाला. "हिला मात्र हात लावू नकोस." मला दोघांनी ढकलत गोठ्यात आणले. सानवी निघताना आजीच्या कानात म्हणाली, "तू लाव गं. मी कुणाला सांगणार नाही." आजीने तिच्या केसांवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी गंगाबाईंनी माझा झगा काळ्या दगडावर धुतला, खुंटाला पिळला, वाळवला आणि नवीवर चढवला.

मित्रांनो, एखादी वस्तू ज्याच्या नावाने घरात आणाल, तिला त्याचा हात लागू द्या. मोडली तर मोडू द्या. मी चालून मोडले असते, तर आज तक्रार नसती.

काल संध्याकाळी पाऊस होता. गंगाबाई ओले लुगडे घेऊन गोठ्यात आल्या. मी मेलेली आहे, हे त्यांना माहीत आहे. तरी त्यांनी झाकण उघडले, लुगडे आत ठेवले आणि डाव्या हाताने बटण फिरवले. टिकटिक सुरू झाली. पेंढ्यावर बसून, वाकडा हात मांडीवर घेऊन त्या ती ऐकत राहिल्या. या वेळी त्यांना कुणी हटकले नाही. टिकटिक थांबली तेव्हा त्यांनी लुगडे बाहेर काढले आणि गालाला लावले.

ते तसेच ओले होते.