परत न केलेली मेमरी

पडद्यावर पुन्हा तेच नाव उमटलं, तेव्हा धाकटीनं आधी तपासणीसाठी लिहिलेल्या स्वतःच्याच स्क्रिप्टवर संशय घेतला. सगळं पुसून तिनं मशीन नव्यानं चालू केलं.

रुग्णाच्या खाटेशेजारी ठेवायचं मॉनिटरचं मशीन होतं ते. नाडी दाखवता दाखवता मधेच गोठायचं, कारण आतली मेमरी संपायची. दोष धाकटीच्या कोडवर आला आणि तिची रवानगी टेस्टिंगला झाली. ते ठरलं त्या मीटिंगमध्ये टीमची प्रमुख, म्हणजे तिची सख्खी ताई, एवढंच म्हणाली होती की ही जरा घाई करते. ते घरीही पोचलं. तेव्हापासून बाबा कशातही सांगायचे, ताईला विचारून कर.

टेस्टिंगच्या खोलीत बसून धाकटीनं ती स्क्रिप्ट लिहिली. कर्नलनं, म्हणजे मशीनच्या मुळाशी चालणाऱ्या प्रोग्रॅमनं, मेमरी दिली की ती कोणी मागितली, त्याला कोणी बोलावलं, त्याच्यामागे कोण, अशी सगळी साखळी स्क्रिप्ट टिपायची. मेमरी परत आली की नोंद खोडायची. खोडली न गेलेल्या, म्हणजे मेमरी परत न केलेल्या, प्रत्येक साखळीत कोडचा एकच तुकडा, एकच फंक्शन होतं. ते ताईनं लिहिलेलं होतं.

मशीन नव्यानं चालू करूनही तेच निघालं. धाकटीला हायसं वाटलं आणि लगेच ताईची काळजी. तिला चारचौघांत कळायला नको, म्हणून लॅपटॉप घेऊन ती आधी तिच्याच केबिनमध्ये गेली.

ताईनं पडदा नीट पाहिलासुद्धा नाही. उठून दार लावलं.

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"तुला हलवलं त्याच्या आधीपासून." ताई टेबलाकडे बघत होती. "माझं पद तेव्हा पक्कं व्हायचं होतं. म्हटलं, तू लहान आहेस, सावरशील."

मग ती समजावू लागली. दुरुस्ती एका ओळीची आहे, ती स्वतःच गुपचूप करेल, घरी विषय नको. लहानपणी गणित समजावताना तिचा आवाज असाच मऊ व्हायचा.

"मशीनं हॉस्पिटलात बंद पडत होती, ताई," धाकटी म्हणाली आणि बाहेर पडली.

जागेवर येऊन तिनं दुरुस्तीची ती ओळ लिहिली, साखळी जोडली, खाली आपलं नाव घातलं आणि सगळ्या टीमला पाठवलं. ताईबद्दल अक्षरही लिहिलं नाही. फंक्शन कोणाचं, ते वाचणाऱ्यांना दिसतच होतं. टीमच्या खोलीतलं बोलणं हळूहळू थांबलं.

संध्याकाळी ऑफिसच्या फाटकाशी ताईची गाडी येऊन थांबली. काच खाली झाली. आई वाट बघतेय, असं काहीतरी ताई म्हणाली.

धाकटीनं मागचं दार उघडलं आणि भाड्याच्या गाडीत बसावं तशी मागे बसली. तिला जागा करायला ताईनं पुढच्या सीटवरची पर्स उचलली होती. ती बराच वेळ ताईच्या मांडीवरच राहिली.