घोटभर पाणी

चष्म्याच्या दुकानामागच्या छोट्या बेसिनमध्ये धाकटीने पाण्याची बाटली उलटी केली आणि नळ जरा मोठा सोडला, म्हणजे पडद्यापलीकडे बसलेल्या मालकांना काही कळणार नाही. फोन कानाशीच होता.

"पाणी पिताय ना नीट?" पलीकडून दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाई विचारत होत्या.

"हो. आत्ताच बाटली संपली."

"छान. तहान लागायची वाट बघायची नाही. पोट आता लहान झालंय, एकदम मावणार नाही. घोट घोट घेत राहायचं, दिवसभर. घरी आठवण करून देणारं कुणी आहे ना?"

"बहीण आहे."

एवढं मात्र खरं होतं. घरी बहीण होती.

रिकामी बाटली पिशवीत टाकून ती काउंटरवर परत आली. एका आजोबांची फ्रेम नाकावरून घसरत होती. तिने दांड्या गरम करून वाकवल्या, कानामागे बसवून बघितल्या, पुन्हा काढल्या. आजोबांशी चार शब्द बोलावेत असं तिला वाटलं, पण जीभ टाळूला चिकटली होती. आजोबांनीच "वा, आता बसला" म्हणून घेतलं आणि ते गेले.

पोट लहान करण्याचं ऑपरेशन तिने काही हौसेने करून घेतलं नव्हतं. गुडघे कुरकुरायला लागले होते, साखर वाढली होती आणि झोपेत श्वास अडकून ती दचकून उठायची. हे सगळं तिने ताईला समजावून सांगितलं होतं. ताईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"माझ्यासारखं दिसायचं नाहीये तुला, असं सरळ सांग ना."

त्यानंतर ताईचं तोंड जे मिटलं ते मिटलंच. ऑपरेशनच्या दिवशी ती आली, सांगतील तिथे सही केली, बाहेरच्या बाकावर दिवसभर बसली. पण बोलली नाही. घरी आल्यावरही कामापुरतं बोलायची. गॅस बंद कर. किल्ली घेतलीस का.

आई गेल्यापासून घरात त्या दोघीच. गल्लीतली माणसं त्यांना डबलडेकर म्हणायची आणि त्या खुशाल हसायच्या. एकीला कुणी जाडी म्हटलं असतं तर लागलं असतं. दोघींना मिळून म्हटलं की त्याची गंमत व्हायची. रात्रीचं जेवण म्हणजे त्यांचा दरबार. दुकानातली गिऱ्हाइकं, ताईच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका, वरच्या मजल्यावरची भांडणं, सगळ्यांची हजेरी तिथे व्हायची. "वाढून घे" म्हणजे कशी आहेस. "अजून थोडं घे" म्हणजे बस ना, इतक्यात उठू नकोस.

आता धाकटी कामावरून आली की आपल्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची. स्वयंपाकघरातून आवाज यायचे. ताट ठेवल्याचा, डावाचा, खुर्ची सरकवल्याचा, मग बऱ्याच वेळाने नळाचा. भांडी जरा आपटूनच होत असावीत. आपण नसलो तरी तिचं काही अडत नाही, हे आपल्याला ऐकू यावं म्हणून ताई आवाज करते, असं तिला वाटायचं. खिडकीच्या कठड्यावर औषधाच्या पेल्याएवढा एक पेला ठेवलेला असायचा. त्यातलं पाणी ती ओठांना लावायची आणि परत ठेवायची.

सुरुवातीला ती सांगितल्याप्रमाणे प्यायची. पण एकदा उन्हातून चालत आली होती. घशाला कोरड पडली होती. फ्रिज उघडून तिने बाटली तोंडाला लावली आणि जुन्या सवयीने गटागटा प्यायली. छातीच्या मधोमध कुणीतरी मूठ आवळली. न्हाणीघरात भिंतीला धरून ती ओकत राहिली. दाराखालच्या फटीत ताईची पावलं दिसली. थांबली. धाकटी वाट बघत होती, आता ताई विचारेल, काय गं, काय होतंय. पावलं तशीच मागे गेली.

त्यानंतर घोट तोंडात घेतला की आधी ती मूठ आठवायची आणि तिच्या पाठोपाठ ती पावलं. हळूहळू तहान लागेनाशीच झाली. तिला तर ते बरंच वाटलं. एक कटकट गेली.

रविवारी सकाळी ती वाळलेले कपडे काढायला म्हणून खुर्चीतून उठली आणि पॅसेजमध्येच डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंत धरायला गेली, ती हाताला लागलीच नाही.

"छोटे!"

ही हाक तिने कित्येक आठवड्यांत ऐकली नव्हती. ताई शेजारी बसली होती, तिच्या गालावर हात ठेवून.

"काही नाही गं. जरा चक्कर आली."

"जीभ दाखव." ताईने बघितलं. "लघवीला कधी गेली होतीस?"

"काल... दुपारी बहुतेक."

ताईने पर्स घेतली, तिच्या काखेत हात घालून तिला उभं केलं आणि जिन्याने खाली आणलं. प्रत्येक मजल्यावर दोघी थांबत होत्या. ताईला धाप लागली होती, कठडा सोडवत नव्हता. घाबरलीय बिचारी, धाकटीच्या मनात आलं.

दवाखान्याच्या दारात त्या एकमेकींना टेकून उभ्या होत्या. ऑपरेशन झालेली पेशंट येतेय, असं ताईने वाटेतच फोनवर कळवलं होतं. नर्स चाकांची खुर्ची ढकलत आली. तिने एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं आणि खुर्ची मधेच थांबवली.

"ऑपरेशन नक्की कुणाचं झालंय?"

धाकटीला हसू आलं. काय बाई चेष्टा करते, म्हणून तिने ताईकडे बघितलं. ताई हसत नव्हती. दिव्याच्या पांढऱ्या उजेडात तिच्या गळ्याखालची हाडं दिसत होती. बाहीतून दंड सुटा लोंबत होता. गाल बसले होते, आणि घड्याळ मनगटावर न राहता पार कोपराकडे सरकलं होतं. धाकटी रोज आरशासमोर उभी राहून स्वतःला न्याहाळत होती. या चेहऱ्याकडे तिने कधी बघितलं होतं?

"माझं," ती नर्सला म्हणाली.

सलाईन लागलं. डॉक्टर येऊन बोलून गेले. पाणी जात नव्हतं तर कळवायचं होतं, त्यात लाजण्यासारखं काय आहे, आम्ही काही परीक्षा घेत नव्हतो. आता आधी थोडं थोडं पिऊन दाखवा, मग घरी जा. ते गेल्यावर नर्सने छोट्या पेल्यात पाणी आणून ठेवलं आणि पडदा ओढून घेतला. ताई पलंगाच्या कडेला बसली होती, पर्स मांडीवर धरून.

"कधीपासून जेवत नाहीयेस तू?" धाकटीने विचारलं.

"जेवते की."

"ताई."

ताई पर्सची चेन उघडत, लावत राहिली.

"करते सगळं. ताटं पण मांडते, दोन्ही. बसते थोडा वेळ." चेन पुन्हा उघडली. "मग उचलून ठेवते. एकटीला नाही जात घशाखाली."

"मला हाक मारायचीस."

"कशाला? तू घोटभर पाण्यासाठी झगडतेयस आणि मी तुझ्यापुढे बसून जेवू?" तिने चेन लावून टाकली. "त्या दिवशी न्हाणीघराशी आले होते मी. म्हटलं, माझं तोंड बघून अजून त्रास होईल तुला."

धाकटीने मान वळवली. सलाईनचा थेंब पडला, मग दुसरा पडला. पडद्याच्या फटीतून नर्स जाताना दिसली.

"सिस्टर, इथे खायला काही मिळेल?"

"तुम्हाला? तुम्हाला आज फक्त पाणी."

"मला नाही. हिला."

ताई "नको, कशाला" म्हणेपर्यंत एक ट्रे आला. पावाचे दोन काप, उकडलेलं अंडं, थोडं मीठ. ताईने ट्रे मांडीवर घेतला आणि नुसतीच बसून राहिली. मग पावाचा तुकडा मोडून तोंडात टाकला. बराच वेळ तो चघळत राहिली.

"बघू नकोस अशी माझ्याकडे."

"मग कुठे बघू?"

ताईने तोंड पडद्याकडे फिरवलं, पण चघळणं थांबवलं नाही. धाकटीने पेला हातात घेतला होता. ताईचा घास घशाखाली उतरताना तिला दिसला, तेव्हा तिने पेला ओठांना लावला आणि एक घोट घेतला.