गरम बाटली

ट्रान्सफॉर्मरच्या तेलातले पाणी काढण्यात मास्तरांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि ही गोष्ट ते कोणालाही विसरू देत नसत. तेल तापवून निर्वातात फिरवले की दिवसभरात कोरडे होते. पण आतल्या तारांवरचा कागद मुरलेले पाणी हळूहळू पुन्हा तेलात सोडतो. म्हणून यंत्र तीन दिवस चालवायचे आणि नमुना टाकीच्या तळाच्या झडपेतूनच घ्यायचा. यंत्राच्या तोंडाशी, जिथून तापलेले, नुकतेच कोरडे झालेले तेल बाहेर पडते, तिथे बाटली भरणाऱ्यांना ते ‘आपलाच पेपर आपणच तपासणारे’ म्हणत.

चौकशीच्या खोलीत आज त्यांचाच अहवाल वाचला गेला. ट्रान्सफॉर्मर जळाला होता. तेल कोरडे होते. सबब दोष भार वाढवणाऱ्या ऑपरेटरचा. तो ऑपरेटर मास्तरांचा धाकटा भाऊ होता.

“मास्तरांच्या सहीवर शंका कोण घेणार?” अधिकारी आदराने म्हणाले. “जेवून येतो, मग बडतर्फीचं लिहू.”

दोघे भाऊ व्हरांड्यात आले.

“दादा, ती बाटली प्रयोगशाळेत मीच नेली होती.”

“माहीत आहे.”

“चटका बसत होता. रुमालात धरावी लागली. तळाचं तेल पहिल्याच दिवशी इतकं तापतं? तूच शिकवलंस, म्हणून विचारतो.”

मास्तरांनी सूचनाफलकाकडे पाहिले. ‘तीन दिवस यंत्र, नमुना तळाच्या झडपेतूनच.’ अक्षर त्यांचेच होते, सुवाच्य. त्या दिवशी साहेबांना संध्याकाळपर्यंत वीज हवी होती, आणि ‘तुमच्याशिवाय कोणाला जमणार?’ एवढ्या एका वाक्यात वीस वर्षांची विद्वत्ता विरघळली होती.

“मग आत बोलला का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून सकाळपासून थांबलोय.”

अधिकारी परतले तेव्हा मास्तर उभेच होते. “बाटलीवर ‘तळाची झडप’ लिहिलंय, ते खोटं आहे. मी ती यंत्राच्या तोंडाशी भरली.”

अधिकारी समजूतदारपणे हसले. “भावासाठी माणूस काहीही बोलतो, मास्तर. तुम्ही आणि असलं काम? बसा.”

मास्तर बसले नाहीत. “यंत्राची नोंदवही मागवा,” ते म्हणाले. “तीन दिवसांऐवजी नऊ तास दिसतील.” आणि वर्गात ज्या आवाजात इतरांच्या चुका सोलल्या, त्याच स्वच्छ, क्रमवार आवाजात ते आपली लबाडी सिद्ध करू लागले. भावाने मान वर केली नाही. तळहात मात्र तो पँटवर पुसत राहिला, जणू त्याला अजून तेल लागलेले होते.