ताईची डबी

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या भिंगवाल्याने कॅमेरा हातात घेतला की बिघाड आपोआप पळतो, असं गिऱ्हाइकं म्हणत. स्वस्तातल्या कॅमेऱ्यांना मात्र तो शिवत नसे. म्हणून थोरल्या बहिणीने आपला बंद पडलेला कॅमेरा, प्लास्टिकची नुसती डबी, टेबलावर ठेवली, तेव्हा त्याने नाक मुरडलं.

ताई सुईण होती. प्रत्येक बाळंतपणानंतर आई-बाळाचा एक फोटो घरच्यांना द्यायचा, हा तिचा नेम.

"ताई, हे खेळणं आहे. याचं भिंग जागचं हलत नाही, फोकस करायची सोयच नाही. हा माझा चांगला कॅमेरा ने."

महिन्याभराने ती परत आली. अकरा फोटो, अकराही धूसर.

"अगं, काढलेस कसे?"

"मी कुठे काढते? माझे हात गुंतलेले असतात. कुणाचा बाप काढतो, कुणाची आजी. बापाचे हात तर बाळंतिणीपेक्षा जास्त कापतात. त्याला फोकस शिकवू, की नाळ बघू?"

मग तिने डबीने काढलेल्या फोटोंचा गठ्ठा पुढे केला. कुणाचं कपाळ कापलेलं, एकात बाळापेक्षा बादलीच मोठी. पण पापणीन् पापणी स्पष्ट. भिंगवाल्याने शेवटचा फोटो खाली ठेवला आणि डबी उघडायला घेतली.

डबीच्या पोटातली केसाएवढी स्प्रिंग तुटली होती. तशी स्प्रिंग मिळावी म्हणून त्याने भंगारातून डबीची भावंडं, त्याच कंपनीचे तीन कॅमेरे, शोधून आणली. एक बिनफ्लॅशचं, एक फ्लॅशवालं, एक फोटोवर तारीख उमटवणारं. तिन्ही उघडली आणि तो बघतच राहिला. वरचा साज निरनिराळा, आतलं यंत्र तेच. दोन पावलांपासून पार क्षितिजापर्यंत सगळं नीट दिसावं, एवढं एकदाच ठरवून कुणीतरी हात आवरता घेतला होता.

"शहाणा होता लेकाचा," तो पुटपुटला. बिनफ्लॅशच्या भावंडाने स्प्रिंग दिली.

डबी द्यायला तो गेला, तेव्हा ताई एका घरी बाळाला गुंडाळत होती.

"बरा आलास! बापाला घेरी आलीय. तूच काढ." बाळंतिणीनेही हसून मान हलवली.

तो दोन पावलं मागे सरला. सवयीने बोटं भिंगाभोवती फिरली. फिरवायला काहीच नव्हतं.

"दाब की रे! वाट कसली बघतोस?"

त्याने बटण दाबलं.