तीन नंबरची प्रेस

पुण्याजवळच्या मांजरी गावातला सोनबाचा मळा पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्याच्या कुंपणात गेला, तेव्हा बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली. सोनबा थकलेला, मुलगा मच्छिंद्र दोन वर्षांपूर्वी वारलेला. म्हणून १९६५ सालच्या चैत्रात त्याची सून तुळजाबाई तीन नंबरच्या प्रेसवर बसू लागली.

पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, हात काढायचा, पायानं पट्टी दाबायची, की वरून मणभर लोखंड आदळायचं. हातापुढची जाळी काम भराभर उरकावं म्हणून केव्हाच काढली होती. तुळजाबाईनं असली भीती घेतली होती की घरी भाकरी थापतानाही ती मध्येच हात मागे ओढायची.

एके सकाळी तिचा पाय जमिनीवर असतानाच लोखंड खाली आलं. बोटं साच्यापासून वीतभर दूर होती म्हणून वाचली.

सुपरवायझर दीनानाथ चष्म्यावरून बघत म्हणाला, "अहो बाई, प्रेसला का स्वतःची इच्छा असते? पाय पडला असेल तुमचाच."

"न्हाई साहेब, पाय खाली हुता. म्या न्हाई बसनार तिच्यावर."

"मग डबे पुसा. उद्यापासून यायचं की नाही, ते आम्ही ठरवू." मग त्यानं नाना पेठेतून येणाऱ्या खातूनला तिथं बसवलं.

"खातून, नगं बसू," तुळजाबाई कुजबुजली.

"घरी पाच तोंडं आहेत," खातून म्हणाली. "मी नाही म्हणून कुठं जाऊ?"

तुळजाबाई कोपऱ्यात डबे पुसू लागली, पण ठोका पडला की तिची मान वळायची. तासाभरानं पट्टी एकदाच दाबली तरी पाठोपाठ दोन ठोके पडले. खातूनचा चेहरा पांढराफटक झाला; तरी तिनं पुढचा तुकडा उचलला.

मळा गेला होता, आता नोकरीही जाणार. तरीही तुळजाबाई धावली आणि वीज तोडायचा भिंतीवरचा लाल दांडा तिनं दोन्ही हातांनी खाली ओढला. मोटारी बंद पडल्या. पण प्रेसचं अवजड चाक अजून गरगरतच होतं.

"हात काढ, खातून! ऊठ!"

खातून दचकून मागे सरली. दीनानाथ ओरडत आला आणि तिथंच थबकला. समोर कुणी नव्हतं, पट्टीवर पाय नव्हता, आणि लोखंड धाडकन साच्यावर आदळलं.



संध्याकाळपर्यंत सगळ्या प्रेसना जाळ्या लागल्या. परवानगीशिवाय दांड्याला हात लावला म्हणून तुळजाबाईला आठ दिवस घरी बसवलं. सोनबानं विचारलं, "नोकरी गेली का गं?"

"म्हाईत न्हाई मामंजी," ती म्हणाली, आणि आठही दिवस तिला अन्न गोड लागलं नाही.

नवव्या दिवशी ती फाटकापाशी येऊन थांबली. खातून तिची वाट पाहत उभी होती. तिनं दंडाला धरून तिला आत नेलं. दुरुस्त केलेल्या तीन नंबरवर पहिला तुकडा ठेवायला तुळजाबाईनं फार वेळ लावला. मागे उभा असलेला दीनानाथ तोवर थांबून राहिला.